खुर्चीतलं रीडिंग

धर्मराज आयुष्यभर बॉयलरवर होता. तुर्भ्याच्या एमआयडीसीत कारखाना रंगाचा असो, औषधाचा असो नाहीतर बिस्किटाचा, मागच्या अंगाला एक पत्र्याची शेड असतेच. त्या शेडमध्ये भट्टी, भट्टीवर पाण्यानं भरलेलं लोखंडी धूड, आणि त्या धुडावर डोळे लावून बसलेला एक माणूस. वाफ सगळ्यांना लागते, वाफ करणारा कुणाला ठाऊक नसतो. पाटण तालुक्यातून तो एकोणनव्वद साली इकडं आला, बॉयलर अटेंडंटचं सर्टिफिकेट काढलं, आणि दर तासाला उठून पाण्याची पातळी दाखवणारी काच बघायची, प्रेशरचा काटा बघायचा, दिसेल तो आकडा लॉगशीटवर लिहायचा, हे एकच काम त्यानं तीस-बत्तीस वर्षं केलं. यात बढाई मारण्यासारखं काही नाही. पण एवढंसं कामही शंभरातले नव्वद लोक धड करत नाहीत, तेही सांगितलं पाहिजे.

नव्वद लोक काय करतात, तर खुर्चीत बसून आकडे लिहितात. पाळीवर आल्या आल्या आठचा, नऊचा, दहाचा, पार चारपर्यंतचा आकडा एका दमात भरून टाकायचा आणि निवांत तंबाखू मळायची. बॉयलरवरचे लोक त्याला खुर्चीतलं रीडिंग म्हणायचे. धर्मराजला त्याची एवढी चीड की दुसऱ्याच्या हातचा खोटा कागद तो लांबून ओळखायचा. लग्न होऊन जयमाला नवी नवी आली, तेव्हा नवे नवरे बायकोला चौपाटी दाखवतात. यानं लॉगशीट दाखवली. "ह्ये बग. खरा काटा कदी एका जागी ऱ्हात न्हाई. जरा वर, जरा खाली, जिता असल्यागत. वरपासनं खालपतुर एकच आकडा दिसला की समजायचं, मानूस उटलाच न्हाई." जयमाला भाकरी थापता थापता हूं म्हणाली. पण तिनं ते ऐकलं होतं.

नावच धर्मराज, तेव्हा चेष्टा करायला शेजाऱ्यांना फार कष्ट पडत नसत. गॅसचा सिलेंडर आला की हा वजन करायला लावणार. केतननं शाळेतून येऊन मार्क सांगितले की प्रगतिपुस्तक मागणार. डॉक्टरनं ताप शंभर सांगितला तरी घरी येऊन आपलं थर्मामीटर काखेत खुपसणार. एका जयमालाचं सांगणं मात्र तो कधी तपासून बघत नसे. दार लावलं का, तर लावलं. दूध तापलं का, तर तापलं. "तुजं रीडिंग बगावं लागत न्हाई," म्हणायचा. तीस वर्षांच्या संसारात तिच्या वाट्याला आलेलं कौतुक ते एवढंच, आणि तिला ते पैठणीहून मोठं वाटायचं.

त्याला कारणही होतं. केतन दहा-अकरा वर्षांचा असताना कारखान्यात बॉयलरची नळी फुटली. पाणी चढवणारा पंप तीन दिवस रडत होता, तसं धर्मराजनं आपल्या पाळीच्या लॉगशीटवर रोजच्या रोज लिहिलंही होतं. फुटली ती शिवरामच्या पाळीत. शिवराम खुर्चीतलाच माणूस, पाणी खाली गेलेलं त्यानं पाहिलंच नाही, आणि उकळती वाफ त्याच्या पाठीवरून गेली. दुसऱ्या दिवशी मॅनेजरनं धर्मराजला केबिनमध्ये बसवून चहा पाजला. असा चहा मिळाला की ओळखावं. मागच्या तीन दिवसांच्या, नव्यानं लिहून काढलेल्या करकरीत लॉगशीट समोर ठेवल्या. त्यात पंपाचा उल्लेख नव्हता. सही केली की सगळी चूक एकट्या शिवरामच्या डोक्यावर.

तो सही न करता घरी आला आणि भिंतीला टेकून बसला. सही केली नाही तर नोकरी जाणार हे दोघांनाही कळत होतं. जयमालानं विचार करायलाही वेळ घेतला नाही. "त्या मानसाच्या पाटीचं कातडं गेलंय," ती म्हणाली, "आनि तुमी खोट्यावर सही करनार? करू नका." त्यानं केली नाही. महिन्याभरात त्याला काढलं. पुढची सगळी वर्षं रबाळ्याच्या, पावण्याच्या बारक्या युनिटांत कंत्राटावर गेली. जयमालानं चार घरची धुणीभांडी धरली, गुडघे घालवले, पण त्या सल्ल्याबद्दल तिनं कधी तोंड वाकडं केलं नाही. उलट मनातून तिला त्याचा अभिमान होता. माणसाचा अभिमान कुठं उलटून अंगावर येईल ते सांगता येत नाही.

सत्तावन्नाव्या वर्षी धर्मराजचं जेवण तुटलं. दोन घास खाल्ले की पोट भरायचं. आधी ॲसिडिटी म्हणून गोळ्या झाल्या, मग आलं-लिंबू झालं, मग कुणीतरी सांगितलेला काढा झाला. कमरेचा पट्टा तीन भोकं आत गेला तेव्हा केतननं त्याला उचलून दुर्बीण टाकायला नेलं. केतन म्हापेला कंपनीत कॉम्प्युटरवर कामाला; घरात इंग्रजी रिपोर्ट वाचता येणारा तो एकटाच. जठराचा कॅन्सर निघाला. स्कॅनमध्ये दिसलं की जठरातून बाहेर पडून तो पोटाच्या आतल्या अस्तरावरही थोडा सांडला आहे. चार वेळा सलाईनमधून केमो झाली. केस गेले, नखं काळी पडली. मग त्यांना बेलापूरच्या एका मोठ्या हॉस्पिटलात सर्जन बाईंकडं पाठवलं.

बाई चाळिशीच्या, मोजकं बोलणाऱ्या. कागदावर पोटाचं चित्र काढून त्यांनी समजावलं. पोट उघडायचं. जठर काढायचं. अस्तरावर साबुदाण्यासारखे दाणे असतात, ते दिसतील तेवढे सोलून काढायचे. आणि मग डोळ्यांना न दिसणारे जे उरतात त्यांच्यासाठी केमोचं औषध गरम करून सरळ पोटातच फिरवायचं. "बेचाळीस डिग्रीला. तास-दीड तास. पंप एका नळीनं आत सोडतो, दुसऱ्या नळीनं बाहेर येतं, मशीनमध्ये पुन्हा गरम होऊन पुन्हा आत."

गेल्या सहा महिन्यांत पहिल्यांदा धर्मराज खुर्चीत ताठ बसला.

"आत जाताना येगळं मोजता आनि भाईर येताना येगळं?" त्यानं विचारलं.

बाईंनी चित्रावरून मान वर केली. "हो. दोन्हीकडे सेन्सर असतात. पोटातही असतात."

"भाईरचं कमी येत आसंल. पोट उष्णता खानार."

"येतं कमी. एखाद-दोन डिग्री." बाई हसल्या. "हे मला अजून कुठल्याच पेशंटनं विचारलं नव्हतं. तुम्ही काय करता?"

सांगितल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं आणि पुढचं सगळं थेट त्याच्याशीच बोलल्या, केतनकडं न बघता. "हे सगळ्यांना करता येत नाही. स्कॅनमध्ये दिसतं त्यापेक्षा आत नेहमी जास्त असतं. पोट उघडल्यावर दाणे आतड्यावर सगळीकडे दिसले, तर मी काहीही न काढता पोट शिवून टाकीन. तेव्हा गरम औषध फिरवणं म्हणजे नुसता छळ. आणि झालंच सगळं, तरी वर्ष-दोन वर्षं वाढतील कदाचित. काहींना जास्त मिळतात, काहींना काहीच नाही."

बाहेर आल्यावर केतन वैतागला. "काय डॉक्टर आहे यार, पेशंटच्या तोंडावर असं बोलतात का?" धर्मराजला मात्र बाई पसंत पडल्या होत्या. त्यानं त्यांच्याकडून कबूल करून घेतलं होतं की गरम औषध फिरवतानाचा तापमानाचा कागद नंतर त्याला बघायला मिळेल. रिक्षात तो जयमालाला म्हणाला, "ही बाई खुर्चीतली न्हाई." आणि मग जरा वेळानं म्हणाला, "ऐक. झालं तर झालं. न्हाई झालं तर मला त्याच दिशी सांगायचं. मग मी एकबी सुई टोचून घेनार न्हाई. गावाला जायाचं. घराम्होरं बाजलं टाकायचं नि बसायचं. तू नि मी. हितं पत्र्याखाली जल्म गेला, मराय तरी मोकळ्यात जाऊ."

"सांगीन," जयमाला म्हणाली.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी साडेसातला त्याला आत नेलं. नऊ-दहा तास लागतील असं सांगितलं होतं, म्हणून जयमालानं दोघांपुरता दुपारचा डबा आणला होता. तो उघडायची वेळ आलीच नाही. सव्वानऊला त्यांच्या नावाचा पुकारा झाला. एवढ्यात कसं झालं, या विचारानं जयमालाला आधी आनंदच झाला, काय म्हणावं या मनाला. आत बाई टोपी काढून उभ्या होत्या. "सगळीकडे आहे," त्या म्हणाल्या. "लहान आतडं पूर्ण भरलंय. मी पोट शिवलं."

तिथल्या तिथं केतननं बाईंचे पाय धरायचे बाकी ठेवले. पप्पांना सांगू नका, ते खचतील, टाके सुकेपर्यंत तरी थांबा. बाईंनी ऐकून घेतलं. "मी खोटं बोलणार नाही. त्यांनी मला विचारलं तर मी सांगणार. आणि टाके काढायला आणाल त्या दिवशी मी स्वतःहून सांगणार. तोवर तुम्ही सांगितलं तर उत्तम. त्यांच्याकडे फार दिवस नाहीत, त्यांचे त्यांना वापरू द्या."

आपल्याकडं मरणाऱ्या माणसाला सोडून सगळ्यांना त्याचं मरण ठाऊक असतं. केतननं संध्याकाळपर्यंत मामाला सांगितलं, काकाला सांगितलं, ऑफिसात सांगितलं. खालच्या मजल्यावरच्या गोजराबाईंना न सांगता कळलं. आणि धर्मराज शुद्धीवर येऊन सुकल्या ओठांनी "झालं?" म्हणाला, तेव्हा केतन म्हणाला, "झालं पप्पा. एकदम मस्त. सगळं धुऊन काढलं."

धर्मराजनं मान वळवून जयमालाकडं बघितलं. दुसरं मत नेहमी तिचंच घ्यायचं, हा त्याचा रिवाज. एवढ्या वर्षांत तिनं त्याला एकही खोटी गोष्ट सांगितली नव्हती असं नाही, भाजीचा भाव चार रुपये कमी सांगितलाच असेल. पण हे तसलं नव्हतं. नोकरी गेली त्या दिवशीचा त्याचा चेहरा तिला आठवला, शिवरामची पाठ आठवली, खरं बोलून पदरात काय पडलं ते सगळं तिच्या गुडघ्यांत अजून दुखत होतं. एकदा खरं सांगून बघितलं होतं. आता परत नको, असं तिला वाटलं. आणि त्याला जगायला निदान एक खोटा आधार तरी मिळू दे, असंही वाटलं. ती म्हणाली, "झालं."

त्यानं डोळे मिटले. तिचं रीडिंग तो बघत नसे.

एक खोटं उभं ठेवायला दहा टेकू लावावे लागतात. दुसऱ्याच दिवशी नर्सनं त्याला पेज आणली. "जटर काडलं तर हे जातंय कुटं?" त्यानं विचारलं. केतननं ठोकून दिलं की थोडं ठेवलंय. हॉस्पिटलातून घरी सोडतानाच्या कागदावर सगळं लिहिलेलं होतं. तो कागद केतननं ऑफिसच्या बॅगेत ठेवला. टाके काढायला बेलापूरला नेलंच नाही, घराजवळ, कोपरखैरण्यातल्याच दवाखान्यात काढून घेतले. "तिकडं गर्दी असते पप्पा, इन्फेक्शन होईल. टेन्शन नका घेऊ." जयमाला प्रत्येक वेळी बाजूला उभी असायची आणि प्रत्येक वेळी मान हलवायची. पहिल्या वेळी मान जड झाली होती. चौथ्या-पाचव्या वेळी ती आपोआप हलली.

आणि गंमत अशी की त्या दिवसांत धर्मराज खुशीत होता. कुशीवर वळताना कळ यायची तरी हसायचा. घरी आलेल्या प्रत्येकाला आपल्या पोटात पंप कसा फिरला, आत किती आणि बाहेर किती, ते हातवारे करून सांगायचा. "हितनं आत, हितनं भाईर. बेचाळीस डिग्री. आपल्याच धंद्यातलं मशीन हाय." ऐकणाऱ्यांना खरं ठाऊक असायचं. ते चहाचा कप बघत "वा, वा" म्हणायचे. जयमाला आत जाऊन उगाच भांडी हलवायची. गावाचं नाव त्यानं काढलं नाही. कशाला काढेल? झालं होतं ना.

फक्त तो कागद मात्र त्यानं सोडला नाही. "केतन, लॉगशीट?" रोज संध्याकाळी. आज देतील, उद्या देतील, मेल करतो म्हणालेत, असं करत महिना गेला. शेवटी एका रविवारी धर्मराज म्हणाला, "ऱ्हाऊ दे, मीच बाईंना फोन करतो." तेव्हा केतन पांढराफटक पडला आणि आलाय आलाय, मेल आलाय, प्रिंट काढून आणतो म्हणत लॅपटॉप घेऊन स्वयंपाकघरात घुसला.

जयमाला कांदा चिरत होती. केतननं रकाने पाडले. डाव्या हाताला मिनिटं, शून्यापासून नव्वदपर्यंत, दर पाच मिनिटांनी एक ओळ. उजवीकडं तापमान. आणि वरपासून खालपर्यंत टाईप केलं, ४२, ४२, ४२, ४२.

जयमालानं वाकून बघितलं. तिनं गप्प बसायला हवं होतं. तिनं तेवढं केलं असतं तर पुढचं निदान केतनच्या नावावर गेलं असतं. पण तीस वर्षं ऐकलेलं तोंडातून बाहेर पडलं. "आसं नसतंय," ती कुजबुजली. "लगीच वळखतील. खरं वर-खाली हुतंय. हितं एक्केचाळीस आट कर. मग बेचाळीस तीन. मग जरा उतरव." केतननं आईकडं चमकून बघितलं आणि ती सांगेल तसं भरत गेला. कांद्याच्या हातांनी, पदरानं नाक पुसत, जयमालानं नवऱ्याच्या पोटात कधी न शिरलेल्या औषधाचं तापमान लेकाकडून कागदावर उतरवून घेतलं. काम इतकं चोख झालं की क्षणभर तिला बरंही वाटलं.

सोमवारी दुपारी केतन कामावर होता. तिनं कागद धर्मराजच्या हातात दिला. त्यानं चष्मा पुसून लावला, उशीला टेकला, आणि एकेक ओळीवर बोट ठेवत वाचू लागला. "बेचाळीस... एक्केचाळीस आट... बेचाळीस तीन... हां, हितं पंप वाढिवला आसंल... एक्केचाळीस नऊ..." त्याचा चेहरा उजळला होता. चांगलं काम दिसलं की उजळायचा तसा. जयमालानं सोडलेला श्वास तिचा तिलाच ऐकू आला.

बोट शेवटच्या ओळीपर्यंत गेलं. मग सावकाश वर आलं, पहिल्या ओळीवर, आणि तिथंच राहिलं.

"सुरवात कुटं हाय?" तो म्हणाला.

"आं?"

"पोट उगडून ठेवल्यालं. थंडगार खोली. त्यात औषध सोडलं नि शून्य मिनटाला बेचाळीस? चढलं कवा?" त्यानं कागद उलटा करून बघितला, मागं काही असेल तर. मागं काही नव्हतं. "कुटलंबी पानी पयलं थंड आसतंय. चढायला येळ लागतो. पंदरा मिनटं तरी चढतीचं लिवल्यालं पायजे."

बॉयलर पेटवतानाची गोष्ट त्यानं जयमालाला कधी सांगितली नव्हती, सांगितली ती चाललेल्या बॉयलरची.

"केतननं केलं?"

"व्हय," ती म्हणाली.

"न्हाई." धर्मराजनं चष्मा काढला. "केतननं सगळीकडं बेचाळीस लिवलं आसतं. त्याला ह्ये वर-खाली ठावं न्हाई." त्यानं तिच्याकडं बघितलं, रागानं नव्हे, रागानं बघितलं असतं तर तिनं सहन केलं असतं. "ह्ये तुज्याबिगर कुनाला सुचायचं न्हाई."

मग तिच्या तोंडून सगळं बाहेर आलं, सव्वानऊचा पुकारा, न उघडलेला डबा, आतडं, टाके, सगळं. ती थांबल्यावर त्यानं बोटांवर मोजलं.

"पाच आटवडं," तो म्हणाला.

"तुमी खचाल म्हनून वो..."

"मी तुला इचारलं हुतं का, मी खचीन का? मी सांगितलं हुतं, न्हाई झालं तर सांगायचं. तू व्हय म्हनालीस."

त्यानं तिच्यासमोरच बाईंना फोन लावला. बाईंनी एकही गोष्ट लपवली नाही. टाके काढायला तुमची वाट बघितली, असंही म्हणाल्या, केतनला दोनदा फोन करून तुम्हाला घेऊन यायला सांगितलं होतं. मग धर्मराजनं विचारलं, गावाला जाऊ का? पोट कसं आहे असं त्यांनी विचारलं. तेव्हा जयमालाच्या लक्षात आलं की गेल्या आठवड्यापासून त्याचा सदरा पोटावर ताणून बसतो आहे. खुशीत असलेल्या माणसाचं पोट वाढलं तर बायकोला वाटतं, अंगी लागतंय.

ते पाणी होतं. दुसऱ्या दिवशी साडेतीन लिटर काढलं, चौथ्या दिवशी तेवढंच पुन्हा भरलं. घाटातून सहा-सात तासांचा प्रवास आता होणार नाही, बाई म्हणाल्या. महिन्यापूर्वी झाला असता. हे वाक्य त्यांनी टोचून म्हटलं नाही, पण त्याला टोक होतंच. धर्मराजनं बाजल्याचं, मोकळ्याचं नाव पुन्हा काढलं नाही. कोपरखैरण्याच्या खोलीत खिडकीला लागून त्याचा पलंग होता आणि खिडकीतून समोरच्या बिल्डिंगच्या संडासाचे पाईप दिसायचे. तिकडं तोंड करून तो पडून राहायचा.

तो तिच्याशी भांडला असता तर बरं झालं असतं. भांडला नाही, अबोलाही धरला नाही. फक्त तिचं बोलणं तपासायला लागला. तिनं ताप नव्याण्णव सांगितला की थर्मामीटर हातात मागून घ्यायचा. गोळी दिली की पाकीट बघायचा. बारा वाजले म्हटलं की मोबाईल उचलायचा. "केतननं सुट्टी काडलीय," ती म्हणाली तर, "त्यालाच सांगू दे." गावाहून दिराचा फोन आला, घरापुढच्या आंब्याला मोहोर आलाय म्हणाला, तिनं ते सांगितलं, तर त्यानं दिराकडून फोटो मागवला. फोटो आला. मोहोर खरंच होता. त्यानं मान हलवली, पण तिच्याकडं बघून नव्हे. केतनचं खोटं त्यानं केव्हाच सोडून दिलं होतं, पोराकडून त्याची अपेक्षाच नव्हती. जयमालाला ते दिसत होतं आणि त्याचा तिला हेवा वाटत होता. पोटच्या पोराचा हेवा.

एकदा ती रडली. "एकडाव चुकले मी. तीस वर्सं काय खोटी हुती का?"

तो म्हणाला, "त्येच तर आता कळत न्हाई." दुष्टाव्यानं म्हणाला नाही. खरंच त्याला कळत नव्हतं. एक खोटा आकडा सापडला की आधीचं सगळं रजिस्टर संशयात येतं, हा त्याच्या धंद्याचा नियम. आणि दुसरा धंदा त्याला येत नव्हता.

शेवटच्या आठवड्यात घासही जाईना. चमच्यानं पाणी द्यायचं, तेही अर्धं बाहेर. एके दिवशी दुपारी दीडच्या सुमाराला, दोन दिवस काही न बोललेल्या माणसानं डोळे उघडले आणि विचारलं, "जेवलीस?"

जयमालाला भरून आलं. असं त्यानं किती दिवसांत विचारलं नव्हतं. आणि ती खरंच जेवली होती. गोजराबाईंनी आमटीभात आणून दिला होता आणि, लाज वाटावी इतकी भूक लागली होती म्हणून, स्वयंपाकघरात उभ्यानं तिनं दोनदा घेऊन खाल्ला होता.

"जेवले," ती म्हणाली. "आमटीभात. पोटभर."

तो तिच्या तोंडाकडं बघत राहिला. "खोटं," म्हणाला.

"न्हाई वो, तुमची शप्पत..."

"केतन," त्यानं हाक मारली. आवाज नव्हताच, नुसती हवा. "आईला वाढ. उपाशी हाय ती. हितं वाढ, माज्याम्होरं."

"पप्पा, ती आत्ताच जेवली. मी बघितलं ना."

"तू बगितलंस," धर्मराज म्हणाला, आणि कोरड्या ओठांनी हसला.

केतननं आईकडं बघितलं. तिनं डोळ्यांनीच खुणावलं, वाढ. त्यानं ताट आणलं, भात, त्यावर आमटी. ती पलंगाजवळ मांडी घालून बसली. पहिला घास गळ्याशी अडला. तिनं पाण्याबरोबर लोटला. तो कुशीवर वळला होता आणि प्रत्येक घास ताटातून तोंडात जाईपर्यंत बघत होता. तिच्याबद्दलची काळजी त्याच्या डोळ्यांत स्पष्ट दिसत होती, तीच तिला जास्त लागली. अर्ध्या ताटावर तिला घाम फुटला. थांबली तर "खा," म्हणाला. तिनं शीतही ठेवलं नाही.

"हां," तो म्हणाला. "आता जेवलीस."

ती ताट घेऊन उठली, मोरीत गेली, दार लोटलं, नळ पूर्ण सोडला आणि त्या आवाजाखाली सगळं ओकली. तोंड धुतलं, पदरानं पुसलं, बाहेर आली.

"काय झालं?" त्यानं विचारलं.

"काय न्हाई. हात धूत हुते."

त्यानं मान हलवली आणि डोळे मिटून घेतले. ते त्याला पटलं.